नमुनासाहेबांचं दलदलीचं सूप

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता डोळे मोजले तेव्हा ते साठ होते. दुपारी बाराला पुन्हा मोजले तर सत्तावन्न भरले. नमुनासाहेबांनी चष्मा पुसला, वाडगं खिडकीपाशी नेलं, पाण्यात बोट घालून एकेक डोळा बाजूला सारत तिसऱ्यांदा मोजणी केली आणि घरात चोरी होते आहे या निष्कर्षाला ते आले.

डोळे मुळ्याचे होते. लहान, लाल, गोल मुळे घ्यायचे, पांढऱ्यावर लाल शिरा राहतील अशा बेताने साल खरवडायची, मधोमध चाकूच्या टोकाने खड्डा करायचा आणि त्यात काळी मिरी बसवायची. असे साठ डोळे वाडग्यातून एकदम वर बघायला लागले की माणसाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. नमुनासाहेबांना तसं वाटलं नाही, कारण त्यांचं आजवर काही चुकलेलं नव्हतं. निदान तशी कुठे नोंद नव्हती.

एकतीस वर्षं ते अन्न तपासनीस होते. उपाहारगृहात शिरायचं, नमुना घ्यायचा, बाटलीत भरायचा, सुतळी बांधायची, लाखेचा शिक्का मारायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, यात त्यांची हयात गेली. इमारतीत सगळे त्यांना नमुनासाहेब म्हणत. हा आपल्या हुद्द्याचा मान आहे असं ते समजत, आणि त्यांची ही समजूत दुरुस्त करायला कुणी पुढे आलं नव्हतं.

तर हे डोळे सुपासाठी होते. इमारतीत दरवर्षी पानगळ सुरू झाली की एका शनिवारी खालच्या सभागृहात भुताटकीची संध्याकाळ होई. दिवे मंद करायचे, मेणबत्त्या लावायच्या, अंगावर जुन्या चादरी घ्यायच्या आणि प्रत्येक घराने एक भीतिदायक पदार्थ आणायचा. साहेबांची बायको अकरा वर्षं सूप नेत होती. एका वर्षी ज्वालामुखीचं, एका वर्षी कोळ्याच्या जाळ्याचं, आणि अकराही वर्षं तिचं पातेलं रिकामं होऊन घरी आलं होतं. याला महत्त्व अशासाठी की इमारतीचा अलिखित नियमच तसा होता. ज्याचं पातेलं रिकामं परत जाईल त्याच्याकडे तो पदार्थ पुढच्या वर्षी राहायचा. ज्याच्या पातेल्यात उरेल त्याच्याकडून तो काढून दुसऱ्या घराला दिला जायचा, तोही सहानुभूतीने, म्हणजे जास्तच लागेल असा.

या वर्षी सूप ठरलं दलदलीचं, आणि तिसऱ्याच दिवशी बायको जिन्यात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. अर्ध्या तासात इमारतीचे सेक्रेटरी दारात हजर. त्यांनी चौकशी केली, हळहळ व्यक्त केली आणि यंदापुरतं सूप तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे द्यावं का असं सुचवलं. बातमी अर्ध्या तासात तळमजल्यापर्यंत गेली कशी, याचा साहेब विचार करत होते, तोवर बायको म्हणाली, "सूप आमच्याकडेच राहील. हे करतील."

सेक्रेटरी गेल्यावर साहेबांनी आपली हरकत नोंदवली. बायकोने प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "या इमारतीत माझं म्हणावं असं ते एक पातेलं आहे. ते रिकामं परत आलं पाहिजे, एवढं करा." तिने आयुष्यात त्यांच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, म्हणून साहेब हो म्हणाले. पण त्यांच्या डोक्यात एक वेगळंच चक्र फिरायला लागलं होतं, आणि त्या चक्राच्या मध्यभागी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी होत्या.

या वहिनींबद्दल साहेबांचा संशय चार महिन्यांचा, म्हणजे त्यांच्या निवृत्तीइतकाच जुना होता. नोकरीत असताना दिवसा घरी काय चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की रोज अकराच्या ठोक्याला या वहिनी येतात, हातात स्वतःचा एक चमचा असतो, सरळ स्वयंपाकघरात शिरतात, आत कुजबुज होते आणि पाच मिनिटांत त्या चमचा घेऊन परत जातात. विचारलं तर बायको म्हणे, सहज आल्या होत्या. सहज येणारा माणूस चमचा घेऊन येत नाही, हे सांगायला तपासनीस लागत नाही. साहेबांनी मनातल्या मनात त्यांचं नावच चमचा ठेवलं होतं. ही बाई अकरा वर्षांचं सूप चमच्याचमच्याने वर नेते आहे, असा त्यांचा कयास होता. आता तर तीन डोळेही गेले होते, आणि शुक्रवारी अकराला वहिनी येऊन गेल्या होत्या. आणखी काय पुरावा पाहिजे?

खरं तर सामान आणण्यापासूनच सगळीकडे कट शिजत असल्याचा वास त्यांना येत होता. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे त्यांनी सात लाल भोपळे वाजवून पाहिले, दोन उचलून बुडाशी वास घेतला, हा कधी तोडला, कुठून आला, मध्ये कुठे ठेवला होता असं विचारलं आणि नखाने साल खरवडायला लागले. भाजीवाली बराच वेळ गंमत बघत होती. शेवटी तिने शांतपणे विचारलं, "साहेब, भोपळा न्यायचाय का त्याला अटक करायचीय?" मागच्या रांगेतले लोक हसले. साहेबांनी मान ताठ ठेवून भोपळा घेतला आणि घरी आल्यावर लक्षात आलं की पालक दुकानातच राहिला. तो परत आणायला गेले तेव्हा तिने जुडी आधीच बाजूला काढून ठेवली होती, हेही त्यांना संशयास्पद वाटलं.

वाटेत तळमजल्यावरचे शिंपीकाका भेटले. काकांना कुठल्याही विषयावर सल्ला देता येतो, फक्त तो कापडातून येतो. सूप थोडं सैल ठेवा, ते म्हणाले, घट्ट झालं की उसवता येत नाही, सैल असलं की आवळता येतं. साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'काकांना हे कुणी शिकवलं?'

मग कृती लिहायला बसले. बायको पलंगावर उशीला टेकून सांगत होती आणि साहेब अनुक्रमांक घालून उतरवत होते. भोपळा, बटाटा, गाजर, कांदा, लसूण, आलं. सगळं शिजवून वाटायचं, शेवटी पालक घातला की शेवाळाचा रंग येतो. इथपर्यंत ठीक चाललं होतं. पुढे ती म्हणाली, मीठ चवीनुसार.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चवीनुसार म्हणजे कुणाच्या चवीनुसार, हे निश्चित करा असं त्यांनी सांगितलं. खाणारे चाळीस, चवी चाळीस. मापाचा आकडा हवा. एवढी वर्षं स्वयंपाक करणारी बाई एक आकडा सांगू शकत नाही हे त्यांना पटेना. बायकोने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, मीठ शेवटी बघू. साहेबांनी वहीत लिहिलं, 'मीठ: प्रलंबित'.

शनिवारी सकाळी त्यांनी पूर्वतयारी केली ती चुलीची नव्हे, दाराची. आतून कडी, वरून साखळी आणि दारामागे खुर्ची. अकराच्या ठोक्याला दार वाजलं. बाहेरून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकच चमचा. लगेच जाते."

"आज प्रवेश बंद आहे," साहेब आतून म्हणाले.

बायको खोलीतून उठून आली. येऊ दे ना त्यांना, ती म्हणाली. साहेबांनी मान हलवली. किती भाबडी आहे ही, असं त्यांच्या मनात आलं. दिवसाढवळ्या लुबाडली जाते आणि दार उघडायला सांगते. बायको कडीकडे बघत उभी राहिली आणि मग खिडकीशी जाऊन बसली. वहिनींची पावलं जिन्यावरून वर गेली. नेहमीपेक्षा हळू गेली, हे साहेबांनी टिपलं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर तो सूप होण्याआधी बराच काळ वेगवेगळ्या अवस्थांतून गेला. भाज्या शिजल्या, पण मिक्सरमध्ये गरम लगदा भरताना भांडं काठोकाठ नसावं हे माहितीपत्रकात सहाव्या पानावर होतं आणि साहेब चौथ्या पानावर होते. झाकण उडालं. लगद्याचा एक पट्टा छतावर गेला, एक कॅलेंडरवर, आणि साहेबांच्या भुवईवर गाजराचा तुकडा बराच वेळ टिकून राहिला. बायको दारात उभी राहून हसली. हसता हसता तिने प्लास्टरचा हात तोंडावर धरला, म्हणून पुढे काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं नाही. उरलेलं सूप काकांच्या सल्ल्याप्रमाणे सैल केलं, पालक घातला, आणि पातेल्यात खरोखरच एक चिखलाळ, हिरवट, बुडबुडे सोडणारी दलदल तयार झाली. साहेब त्या दलदलीकडे बघत राहिले आणि त्यांना स्वतःचा अभिमान वाटला.

आता फक्त अर्ज राहिला होता. सभागृहात पदार्थ न्यायचा तर आदल्या वर्षीपासून दोन प्रतींत अर्ज द्यावा लागे, आणि हा अर्ज वार्षिक सभेत, सगळ्यांच्या जांभया सहन करत, साहेबांनीच मंजूर करून घेतला होता. मुद्दा सात असा होता: पदार्थ चाखून पाहिला आहे काय? कोणी? साहेब मुद्दा सातपाशी अडले. ते स्वतः कधीच काही चाखत नसत. ताटातलं अन्न ते आधी हुंगत, मग उजेडात धरत, मग मुकाट गिळत. पण शिजत असलेल्या भांड्यात चमचा घालून जिभेला लावणं त्यांनी नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात सोडलं होतं. तेव्हा एका लोणच्याचा नमुना उत्साहाने चाखला आणि चार दिवस इस्पितळात काढले. त्यांनी मुद्दा सातपुढे 'लागू नाही' लिहिलं. सेक्रेटरींनी अर्ज वर परत पाठवला, 'सातला लागू नाही असं लिहिलेलं चालत नाही, हा आपलाच आग्रह होता' अशा शेऱ्यासह.

खोटं लिहिणं शक्य नव्हतं. साहेबांनी वाटीत थोडं सूप काढून बायकोपुढे धरलं. तिने चमचाभर घेतलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय." गिळायच्या आधीच म्हणाली, पण तिच्यावर संशय घ्यायचं साहेबांना सुचलं नाही. जगात तेवढं एकच माणूस त्यांनी संशयातून वगळलेलं होतं. अर्जावर त्यांनी लिहिलं: 'पत्नी. अभिप्राय: छान'. सेक्रेटरींनी तो दाखल करून घेतला.

संध्याकाळी साडेसहाला सभागृहात मेणबत्त्या लागल्या. दाराशी वाळकी पानं पसरली होती, कोपऱ्यात चादरी घेतलेली मुलं एकमेकांवर हूहू करत होती आणि लांब टेबलावर एकेक भयंकर पदार्थ येऊन बसत होता. साहेबांनी पातेलं मध्यावर ठेवलं, सत्तावन्न डोळे वर सोडले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याच्यापासून एक पाऊल अंतरावर उभे राहिले. लोक येत, डोळ्यांना घाबरत, वाहवा करत. सेक्रेटरी तोंडात प्लास्टिकचे सुळे घालून आले होते. काहीतरी कौतुकाचं बोलले असावेत, पण सुळ्यांमुळे एक अक्षर कळलं नाही.

वाढायला दहा मिनिटं होती तेव्हा साहेबांनी पाहिलं. काळी चादर घेतलेली एक चेटकीण टेबलाच्या पलीकडून सावकाश सरकत आली. तिने इकडेतिकडे बघितलं, चादरीखालून कागदाची पुडी काढली आणि तिच्यातलं काहीतरी पांढरं सुपात टाकलं. चेहरा अंधारात होता, पण दुसऱ्या हातात चमचा होता.

पुढचं सगळं साहेबांच्या हातांनी आपोआप केलं. एकतीस वर्षांची सवय ती. लोक खिशात कंगवा ठेवतात तशी ते लाखेची कांडी, सुतळी आणि लेबलं ठेवत. झाकण लावलं, सुतळीने पातेलं आडवंउभं आवळलं, मेणबत्तीवर लाख वितळवून गाठीवर ओतली, अंगठीचा ठसा उमटवला आणि लेबल चिकटवलं: 'नमुना. तपासणीपूर्वी सेवन करू नये.' मग खणखणीत आवाजात त्यांनी दोन साक्षीदार मागितले.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. अकरा वर्षांत असा प्रयोग कुणी केला नव्हता. मागून कुणी तरी म्हणालं की यंदा नमुन्यानेच बाजी मारली, आणि साहेबांना त्या शब्दाचा दुसरा अर्थ आयुष्यात प्रथमच ऐकू आला. शिंपीकाकांनी चादरीतून हात काढून साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली 'भूत' लिहिलं. सेक्रेटरींनी सुळ्यांसकट केली. लोक वाडगी घेऊन रांगेत उभे राहिले आणि शिक्का कधी फुटणार म्हणून विचारायला लागले. हा शिक्का फुटणार नाही, साहेबांनी जाहीर केलं, पातेलं सोमवारी प्रयोगशाळेत जाईल. लोक पोट धरून हसले.

हसत नव्हती ती फक्त बायको. ती बाकावरून उठून आली होती आणि बंद पातेल्याकडे बघत होती. भरलेलं पातेलं होतं ते, चांगलं काठापर्यंत.

काळ्या चादरीतून वहिनी हळूच म्हणाल्या, "मीठ आहे, भाऊजी. आणि अजून एवढंच लागेल."

साहेब 'कुणाच्या सांगण्यावरून?' असं विचारणार, तोच बायकोने डाव्या हाताने त्यांची बाही धरली आणि त्यांना पडद्यामागच्या खोलीत नेलं. तिथे सभागृहाच्या जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असत. दोघांना जेमतेम उभं राहता येत होतं.

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "सुपात मीठच नाहीये. तुमच्या वहीत ते प्रलंबितच राहिलं."

"मग दुपारी तू छान म्हणालीस ते?"

"मला कळत नाही हो. सहा वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता ना मला, तेव्हा चव गेली आणि वासही गेला. साबण आणि भोपळा मला सारखाच. वहिनी रोज येऊन चाखून सांगतात. मीठ कमी, आंबट जास्त, करपल्याचा वास येतोय. त्यांच्या जिभेवर चाललंय आपलं घर."

 तपासनिसाला सुचेल तेच साहेबांनी विचारलं, की काहीच कळत नाही का.

"तिखट झोंबतं तेवढं कळतं. तुमचे तीन डोळे मीच खाल्ले. कच्चा मुळा नाकात चढतो ना, बरं वाटतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अहवाल लिहिला असता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून ते जास्तच ऐकू आलं. "स्वयंपाकघराला शिक्का मारला असतात. सूप गेलं असतं. आणि सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. रोज ताट वाढलं की विचारत होते, कसं झालंय. तुम्हाला वाटायचं, कौतुक हवंय. मला माहिती हवी होती. तुम्ही म्हणायचात, हरकत नाही. आता हरकत नाही यावरून मीठ किती घालायचं ते माणसाला कसं कळणार?"

साहेबांना लाज वाटली. दुसऱ्यांच्या भांड्यांत एकतीस वर्षं डोकावलेल्या या माणसाला, समोर बसून जेवणारी आपली बायको कशाचीही चव न घेता जेवते आहे, हे सहा वर्षांत दिसलं नव्हतं. वहिनींना मात्र चार महिन्यांत सुचतील तेवढे गुन्हे त्याने चिकटवले होते. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण बाहेर लोक वाडग्यांवर चमचे वाजवत होते.

ते बाहेर आले. वहिनींकडे न बघता त्यांनी हात पुढे केला आणि वहिनींनी त्यावर पुडी ठेवली. साहेबांनी स्वतःच्या हाताने लावलेला शिक्का आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने फोडला. पुन्हा टाळ्या झाल्या. मग त्यांनी चमचा पातेल्यात घातला आणि सगळ्यांदेखत जिभेला लावला. अळणी होतं. थोडं मीठ घातलं, चाखलं. आणखी थोडं घातलं, चाखलं. चौथ्या वेळी त्यांनी चमचा वहिनींपुढे धरला. वहिनींनी चाखून मान डोलावली आणि साहेब म्हणाले, "वाढा."

सूप संपायला वीस मिनिटं लागली. शेवटी शेवटी सेक्रेटरींचा एक सुळा पातेल्यात पडला. साहेबांनी तो पळीने काढला, रुमालात गुंडाळला आणि या गोष्टीची कुठेही नोंद केली नाही. शिंपीकाका म्हणाले की मापात बसलंय. पातेल्याचा तळ दिसला तेव्हा बायको तो वाकून बघत राहिली, आणि सेक्रेटरींनी, आता सुळ्यांशिवाय, पुढच्या वर्षीचं सूप कुणाकडे ते सांगून टाकलं.

साहेबांनी आपल्या वाटणीचं वाडगं राखून ठेवलं होतं. ते घेऊन ते बाकावर बायकोशेजारी बसले आणि एक घोट घेऊन म्हणाले, "पोत समाधानकारक. बाह्य पदार्थ आढळले नाहीत."

"अहवाल नको," ती म्हणाली. "चव सांगा."

 हे काम साहेबांनी कधी केलं नव्हतं. दुसरा घोट घेतला, डोळे मिटले. "आधी भोपळा येतो," ते चाचपडत म्हणाले, "गोड, पण फार नाही. मग आलं. पालक आहे, पण तो मागे मागेच राहतो, बोलायला लावल्याशिवाय बोलत नाही. आणि मिरी एकदम शेवटी. आपण निर्धास्त झालो की तेव्हा."

बायको डोळे मिटून ऐकत होती. तिच्या गळ्याशी काहीतरी हललं, जणू तिनेही घोट घेतला होता. "आणखी," ती म्हणाली.

साहेब सांगत राहिले. वाडगं संपलं तरी त्यांचं सांगणं संपेना. मग त्यांनी जरा घसा साफ केला आणि विचारलं की उद्यापासून मीच चाखत जाईन, तर वहिनींना उगाच खाली यायचा त्रास नको म्हणून सांगू का?

बायकोने डोळे उघडून त्यांच्याकडे नीट बघितलं, ते इतकी वर्षं नमुन्यांकडे बघत आले होते तसं.

"येऊ देत त्यांना," ती म्हणाली. "तुमच्या जिभेची मला अजून खात्री नाही."